८ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. जूनपासून रोज सकाळी त्याचं पोट दुखतं, शनिवारी दुपारनंतर मात्र दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही नोकरी करता. त्याला शाळेतून काढावं, त्याच्या कलाने शिकू द्यावं असं तुम्हा दोघांना वाटतं. सासूबाईंना ते अजिबात मान्य नाही. आणि तुम्ही विचारलंय की घरी कुठला अभ्यासक्रम लावू, दिवसाचं वेळापत्रक कसं ठेवू, आणि पुढे दहावीचं काय?

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वडोदऱ्याचीच, रावपुऱ्यात वाढलेली. ११ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. २०१३च्या जूनमध्ये मुलीची चौथीनंतर एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढली. धाकटा तेव्हा ६ वर्षांचा होता, तो बालवाडीच्या पुढे शाळेत गेलाच नाही. आज मुलगी २२ वर्षांची आहे, मुलगा १८चा. मधल्या काळात तीसेक कुटुंबं हाच प्रश्न घेऊन माझ्या घरी येऊन गेली. काहींना मी ‘काढा’ म्हटलं, बऱ्याच जणांना ‘थांबा’ म्हटलं. ज्यांनी काढलं त्यांतली निम्मी मुलं दोन-चार वर्षांनी शाळेत परत गेली, आणि त्यात काही बिघडलं असं मी मानत नाही.

अभ्यासक्रम आणि वेळापत्रक हे तुमच्या प्रश्नातले सगळ्यात सोपे भाग आहेत. अवघड भाग तुम्ही विचारलेला नाही: मुलगा घरी राहिला तर घरातल्या मोठ्या माणसांचा दिवस कसा बदलणार? शाळेत रोज पाच-सहा तास मुलाकडे कोणीतरी बघत असतं, बरं-वाईट कसंही. ते तास उद्यापासून तुमच्या घरात येणार. माझ्या पाहण्यात जी घरं यात अडकली ती पुस्तकांवाचून अडकली नाहीत. मोठ्यांचे दिवस होते तसेच राहिले आणि मुलाचा तेवढा रिकामा झाला, तिथे गाडी अडली.

पण त्याच्याही आधी पोटदुखी. ती बाजूला ठेवून पुढे जाऊ नका.

पोट दुखतं याचा अर्थ ‘मुलाला शाळा नको’ असा लगेच लावू नका. कारेलीबागेतल्या एका कुटुंबाची ७ वर्षांची मुलगी अशीच रोज सकाळी रडायची. आई-वडील एल.सी. काढायच्या बेतात होते. मी तिला सहज विचारलं, शाळेत सगळ्यात वाईट जागा कुठली? ती म्हणाली, संडास. आतून कडी नव्हती. मुलगी सकाळपासून पाणी पीत नव्हती, लघवी धरून बसत होती. वडील शाळेत जाऊन भेटले, कडी बसली, पंधरा दिवसांत पोटदुखी गेली. ती मुलगी आज आनंदाने कॉलेजात जाते. तेव्हा तुमच्या मुलाला ‘शाळा का आवडत नाही’ असं विचारू नका. त्याला त्याचं उत्तर देता येणार नाही. जागा विचारा, वेळ विचारा, माणसं विचारा. रिक्षात शेजारी कोण बसतं? डबा कुठे खातोस? कुठला तास लवकर संपावा असं वाटतं? रात्री अंधारात, शेजारी पडल्या पडल्या विचारा. मुलं तेव्हा बोलतात.

आणि त्याचं वाचन तपासा. त्याने न पाहिलेला आठ-दहा ओळींचा उतारा त्याला मोठ्याने वाचायला द्या. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचा, त्याने नुसतं ऐकावं, आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकून सगळं कळतंय आणि वाचताना अडखळून घामेघूम होतोय, असं दिसलं तर शाळा सोडण्याचा निर्णय आठ-दहा आठवडे पुढे ढकला आणि आधी तपासणी करून घ्या. डोळ्यांची, आणि मग वाचनातल्या अडचणींची. हे मी इतक्या ठासून का सांगते, ते पुढे येईलच.

समजा हे सगळं पाहून झालं आणि तरीही वाटलं की या मुलाला ही पद्धतच मानवत नाही. मग स्वशिक्षण म्हणजे नेमकं काय ते बोलू. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एका शाळामास्तराने चालवला. आपल्याकडे काहीजण त्याला स्वशिक्षण म्हणतात, काहीजण नुसतं ‘घरी शिकतो’ म्हणतात. होमस्कूलिंगमध्ये बरेचदा शाळेचाच अभ्यासक्रम घरी आणलेला असतो. स्वशिक्षणात काय शिकायचं, कधी आणि किती वेळ, हे मूल ठरवतं. मोठ्यांनी साहित्य, माणसं, वेळ आणि सोबत पुरवायची.

मी सुरुवात केली ती पहिल्या पद्धतीने. फ्रिजवर वेळापत्रक लावलं: ९ ते १० गणित, १० ते ११ मराठी, मग परिसर. ११ वर्षं शिकवलेली बाई मी, मला दुसरं काही येतच नव्हतं. चार महिन्यांत मुलगी खोटं बोलायला लागली. वही भरायची, आतली उदाहरणं मागच्या पानावरची उतरवलेली असायची. शाळेत तिला निदान दुपारी आई मिळत होती. आता आईच बाई झाली होती आणि बाई संध्याकाळीही घरीच! दिवाळीत मी ते वेळापत्रक काढलं. त्यानंतर मुलीने जवळजवळ सात महिने, बाहेरच्या माणसाला ‘अभ्यास’ वाटावं असं काहीही केलं नाही. झोपली, झोपाळ्यावर बसली, धाकट्याशी भांडली, एकच गोष्टीचं पुस्तक अकरा वेळा वाचलं. या वाटेने गेलेल्या पालकांत एक ढोबळ हिशेब चालतो: शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मुलाला नुसतं सावरायला द्यावा. माझ्या मुलीला त्याहून जास्त लागला. या महिन्यांत बहुतेक आई-वडील घाबरतात आणि ट्यूशन लावतात. मीही दोनदा चौकशी करून आले होते.

मग शिकणं सुरू झालं म्हणजे काय झालं? माझ्या घरातला प्रसंग सांगते. मुलगी १२ वर्षांची असताना नवरात्रीआधी तिने ठरवलं की या वर्षी चनिया स्वतः शिवायचा. आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बेन होत्या, त्यांच्याकडे जाऊन बसायला लागली. १२ कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद-खाली रुंद अशा १२ उभ्या पट्ट्यांचा घागरा, कंबर २४ इंच. तिने हिशेब केला: २४ भागिले १२, प्रत्येक कळी वर २ इंच. बेननी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. जुन्या चादरीवर आधी कर म्हणाल्या, एवढंच. तिने बाराही कळ्या कापल्या, जोडल्या, आणि घागरा तिच्या कमरेवर चढेना. प्रत्येक कळीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला होता. १२ कळ्यांत १२ इंच गेले, कंबर उरली १२. ती संध्याकाळभर जमिनीवर कळ्या पसरून बसली होती. रात्री जेवताना म्हणाली, ‘आई, वर ३ इंच कापायला हवं होतं, आणि खालचा घेर १२ कळ्यांना १२ इंचांनी १४४ यायला हवा असेल तर खाली १३.’ १४४ इंच म्हणजे किती वार, हे तिने मला न विचारता काढलं, कारण कापड वारावर आणायचं होतं. चार वार. अपूर्णांक मी तिला चौथीत असताना वर्षभर शिकवले होते, आणि तिला ते येत नव्हते.

या प्रसंगात मोठ्यांनी काय केलं तेही पाहा. बेन गप्प राहिल्या, पण नुकसान चादरीवर होईल याची त्यांनी काळजी घेतली. मी दोन दुपारी दुसऱ्या कामाला गेले नाही. आणि घराच्या तीस पावलांवर असं एक माणूस होतं, ज्याला आपलं काम उत्तम येतं आणि ज्याला मूल शेजारी बसलेलं चालतं. स्वशिक्षणाचं सगळं साहित्य यात आलं. तुमच्या आसपास अशी माणसं कोण आहेत याची यादी करा, अभ्यासक्रमाच्या आधी. सायकल दुरुस्त करणारे काका, तबल्याचे गुरुजी, शेतावर राहणारी मावशी, कोणीही.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही.

धाकट्याला ९व्या वर्षी मगरींचं वेड लागलं. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे शहरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, पण हा रोज काळ्या घोड्याजवळच्या पुलावर जाऊन उभा राहायचा. हिवाळ्यात किती वाजता ऊन घ्यायला येतात, किती वेळ तोंड उघडं ठेवतात, कुठली कुठल्या काठावर. वहीत चित्रं आणि आकडे. मगरीचं रक्त थंड, म्हणून तिला ऊन लागतं; मादी काठात खड्डा करून अंडी घालते; आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. यजमान आणि मी त्याच्यासाठी पुस्तकांमागून पुस्तकं आणत होतो आणि वाचून दाखवत होतो. कोणी विचारलं की तो वाचतो का, तर मी म्हणायचे, वाचेल तेव्हा वाचेल, घाई नाही. स्वशिक्षणाच्या वर्तुळात हे वाक्य फार प्रेमाने बोललं जातं, आणि अनेक मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. काही मुलं ९व्या, १०व्या वर्षी एकदम वाचू लागतात.

माझ्या मुलाच्या बाबतीत ते खरं नव्हतं. तो १० वर्षांचा झाला तेव्हा एकदा त्याच्या मामेभावाने त्याला पाटी वाचायला सांगितली. तो हसला, विषय बदलला, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडला. तपासणी केली तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण, निघाला. आम्ही सगळं वाचून दाखवत होतो, म्हणून तो काय काय वाचू शकत नाही हे झाकलं गेलं होतं. विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा, जवळजवळ दीड वर्ष, आवाज आणि अक्षर यांची जोडणी अगदी पायरीपायरीने, रोज थोडी थोडी. हे शिकणं त्याने निवडलेलं नव्हतं, आम्ही त्याला ते करायला लावलं, आणि ते करायलाच हवं होतं. दोन वर्षं आधी करायला हवं होतं. शाळेत असता तर कदाचित एखाद्या बाईंच्या लक्षात आलं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा शिकण्याच्या अडचणींचाही समावेश आहे, त्यामुळे पुढे परीक्षेत त्याला जादा वेळ मिळाला. पण त्याच्या मनातली ती दोन वर्षं मी परत आणू शकत नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला करायला लावते. एक साधी वही. रोज झोपताना पाच ओळी: आज त्याने स्वतःहून काय केलं, काय टाळलं, कोणाशी बोलला. काय शिकवलं ते लिहायचं नाही, कारण मग आपण लिहिण्यासाठी शिकवू लागतो. ‘टाळलं’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. एकच गोष्ट तीन महिने टाळली जात असेल तर वाट पाहणं थांबवायचं आणि जाणत्या माणसाला दाखवायचं. ही वही पुढे शाळेत परत जाताना, नातेवाइकांना काही दाखवताना, आणि तुमचा स्वतःचा धीर सुटेल त्या रात्रीही उपयोगी पडेल.

आता तुमची नोकरी. दोघंही सकाळी ९ला बाहेर पडून संध्याकाळी ७ला येत असाल, आणि मधले दहा तास मूल अशा आजीजवळ असेल जिला हा निर्णय चुकीचा वाटतो, तर आत्ता शाळा सोडवू नका. हे मी स्पष्ट सांगते. सासूबाईंवर ते अन्याय करणारं आहे, आणि मुलावरही. तो दिवसभर ऐकेल की आपलं काहीतरी बिनसलंय म्हणून आपण घरी आहोत. आणि दहा तासांतले सात मोबाईलवर जातील. मोबाईलवर माझं मत लांबलचक नाही: घरात सगळ्यांना एकच नियम, बक्षीस म्हणून द्यायचा नाही, शिक्षा म्हणून काढायचा नाही. पण घरात जागं, मोकळं मोठं माणूस नसेल तर कुठलाच नियम टिकत नाही.

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं? एका घरात वडील दुपारपाळीला गेले आणि आई सकाळच्या नोकरीत राहिली. एका घरात आईने दोन वर्षं अर्धवेळ काम घेतलं. पगार कमी झाला, त्यांनी फ्लॅट घेणं लांबवलं. मांजलपूरच्या तीन कुटुंबांनी दिवस वाटून घेतले: सोमवार-मंगळवार एका घरी, आणि असंच पुढे. हे चांगलं चाललं, पण एक जपा. अशी वाटणी तीन-चार घरांची असते तोवर ती शेजारधर्म असते. फी घेऊन, पाटी लावून, वीस मुलं बसवून कोणी चालवू लागलं तर कायद्याच्या नजरेत ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते, आणि त्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘आम्ही अनस्कूलिंग सेंटर आहोत’ म्हणणाऱ्या ठिकाणी मूल घालण्याआधी हे विचारा.

सासूबाईंबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या लिहिण्यात त्यांच्याविषयी थोडी अधीरता दिसली.

आपण ज्या शहरात राहतो त्या शहरात शाळा ही काही साधी गोष्ट नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे संस्थानात नेलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. देशभरासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा यायला २००९ साल उजाडलं. वडोदऱ्यातली कितीतरी मराठी घरं संस्थानच्या नोकरीत आलेल्या कारकुनांची, मास्तरांची, हिशेबनिसांची. त्या घरांतल्या सासूबाई-आजेसासूबाई शाळेच्या जोरावर शिकल्या. तुमच्या सासूबाईंना शाळा म्हणजे घराण्याने कमावलेली इज्जत वाटत असेल, तर ते अडाणीपण नाही, आठवण आहे.

मला पूर्वी कोणी विरोध केला की मी विनोबांचं उदाहरण द्यायचे. ते इथेच वाढले, बडोदा कॉलेजात शिकले, आपली प्रमाणपत्रं चुलीत जाळली आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला जाताना वाटेत सुरतेला उतरून काशीची गाडी धरली. ऐकायला फार छान वाटतं. एकदा आमच्या बैठकीत एका वडिलांनी शांतपणे मला म्हटलं, ‘याच शहराच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. इथे परत नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला कोणी खोली दिली नाही. आमच्या घरात प्रमाणपत्र जाळायची गोष्ट नका सांगू.’ त्यानंतर मी ते उदाहरण कोणालाही दिलेलं नाही. ज्यांना शाळेचं दार उशिरा आणि भांडून उघडलं, त्यांनी कागद सांभाळायचा म्हटलं तर तो शहाणपणा आहे. आपल्याला शाळा सोडता येते, कारण परत जाऊ म्हटलं तर ती तिथे आहे. तुम्ही सासूबाईंसमोर हे मान्य केलंत, मोठ्याने, तर बोलणं वेगळ्या सुरात सुरू होईल.

त्याच सयाजीराव महाराजांनी १९१०च्या सुमाराला अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. माणूस शाळेत शिकतो आणि शाळेबाहेरही शिकतो, हे दोन्ही त्यांना दिसत होतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत माझी मुलं वाढली म्हटलं तरी चालेल. सासूबाईंना एकदा नातवासोबत तिथे पाठवा. माझ्या सासूबाईंचा विरोध वादाने गेला नाही. नातीला मोडी अक्षरं दाखवायची म्हणून त्या स्वतः बसायला लागल्या, आणि तीन महिन्यांनी शेजाऱ्यांना म्हणाल्या, ‘आमची मुलगी घरी शिकते.’

कायदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. त्याच्या १०व्या कलमात मुलाला प्राथमिक शिक्षणासाठी शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकण्याला वेगळी मान्यताही त्यात नाही. म्हणजे ‘हे पूर्ण कायदेशीर आहे’ म्हणणारेही घाई करतात आणि ‘पोलीस येतील’ म्हणणारेही. तुमच्या उपयोगाचं ४थं कलम आहे: शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुसार योग्य त्या इयत्तेत प्रवेश मिळतो. सरकारी आणि महापालिकेच्या शाळेत हा रस्ता खुला असतो. खाजगी शाळा मात्र ‘जागा नाही’ म्हणतात, मागच्या वर्षाचा निकाल मागतात. म्हणून एल.सी., जन्मदाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक, शाळेच्या नोंदीतला त्याचा क्रमांक, सगळं एका फाईलमध्ये ठेवा. आणि इथे परत शाळेत जायचं असेल तर गुजराती हवीच. २०२३च्या कायद्याने ती पहिली ते आठवी सगळ्या शाळांत सक्तीची आहे. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी असं आपल्याकडे चालतंच. फक्त गुजराती लिपी डोळ्याखालून जात राहील एवढं बघा.

दहावीची काळजी आत्ता करू नका, पण रस्ता माहीत असू द्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासूनचं केंद्र सरकारचं मंडळ आहे. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, आधीच्या इयत्तांचे दाखले लागत नाहीत. किमान पाच विषय, भाषांत मराठीही घेता येते. वर्षातून दोनदा परीक्षा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय हप्त्याहप्त्याने देता येतात. माझ्या मुलाने दहावी तीन हप्त्यांत दिली, तो आता बारावीच्या तयारीत आहे. मुलगी बारावीनंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला, जेईईला, एनआयओएसची बारावी चालते. वैद्यकीयसाठी पूर्वी अडवत असत, २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती आडकाठी काढली. नोंदणी करताना त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा, तारखा आणि फी बदलतात.

मित्रांचं विचारलं नाहीत, पण विचाराल. दुपारी दोनपर्यंत गल्ली सुनी असते, हे खरं आहे, आणि एकट्या मुलाला ते जड जातं. संध्याकाळी ठरलेलं एक मैदान किंवा आखाडा हवाच. आमचा धाकटा व्यायामशाळेत जायचा. त्याचे आजचे सगळे मित्र तिथले.

तुमच्या जागी मी असते तर एल.सी. आत्ता काढली नसती. दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीत ट्यूशन नाही, दिवाळीचा गृहपाठ नाही, आणि तुम्हा दोघांपैकी एकाने तरी त्यातले दहा दिवस रजा घ्यायची. वही लिहायची. पहिला आठवडा तो नुसता लोळेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो कशाकडे वळतो, काय टाळतो, आणि तुम्ही दोघं तेव्हा किती अस्वस्थ होता, हे तिन्ही लिहायचं. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पोट दुखलं तर तेही. मार्चपर्यंत शाळेतली कारणं आणि वाचनाची तपासणी पुरी करा, घरी कोण राहणार ते पैशांसकट कागदावर मांडा. एप्रिलमध्ये निर्णय घेतलात तरी काही उशीर होत नाही.

आमची सहा-सात कुटुंबं महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ला कमाटीबागेत बँडस्टँडजवळ भेटतात. मुलं खेळतात, मोठे बोलतात. शाळेत परत गेलेल्या दोन मुलांच्या आयाही येतात, त्यांच्याशी आधी बोला. मुलाला घेऊन या. सासूबाईंनाही आणा, त्यांना बसायला मी घरून खुर्ची आणीन.